महागडा कॉम्प्युटर घ्यायचा का, हे ठरवायचं कसं

कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की लोक सहसा वरून खाली येतात. बाजारात सर्वात भारी काय आहे ते बघायचं आणि मग खिशाकडे बघत एकेक पायरी उतरायची. या वाटेने प्रत्येक पायरीवर काहीतरी सोडून दिल्याची हुरहुर लागते आणि माणूस गरजेच्या दोन पायऱ्या वरच थांबतो. उलट्या दिशेने या. मधल्या किमतीचा धड कॉम्प्युटर पाया धरा आणि त्यावरचा प्रत्येक जादा पैसा तुमच्या कोणत्या कामातला कोणता खोळंबा कमी करणार आहे, ते विचारा. उत्तर मिळालं तर पैसे मोजा. नाही मिळालं तर तो पैसा मिरवण्यासाठी जातोय असं समजा. मिरवायला माझी हरकत नाही, फक्त तो खर्च कामाच्या खात्यात टाकू नये.

१. खोळंबा लिहून काढा

सध्याच्या कॉम्प्युटरवर आठवडाभर नेहमीचं काम करा आणि शेजारी एक कागद ठेवा. जिथे थांबावं लागलं तिथे चार गोष्टी टिपा: काय करत होतात, किती सेकंद थांबलात, दिवसातून असं किती वेळा होतं, आणि तेवढ्या वेळात दुसरं काही करता आलं का. मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरे. अंदाजाने लिहू नका. वैतागलेल्या माणसाला वीस सेकंदही दोन मिनिटांसारखी वाटतात.

चौथा रकाना सर्वात महत्त्वाचा आणि बहुतेक जण नेमका तोच गाळतात. रात्री झोपताना लावलेलं रेंडर (म्हणजे व्हिडिओ किंवा त्रिमितीय दृश्याची अंतिम चित्रं बनवायचं काम) सहा तासांऐवजी तीन तासांत संपलं, तरी सकाळी तुमच्या हाती पडतं ते तेच. कॉम्प्युटरने वाचवलेले तीन तास तुमच्या कुठल्याही उपयोगाचे नाहीत. याउलट प्रत्येक लहानशा बदलानंतर २५ सेकंद पडद्याकडे बघत बसावं लागत असेल आणि दिवसात असे शंभर बदल होत असतील, तर रोजची चाळीसेक मिनिटं तिथे गळतात, आणि तीही ऐन कामाच्या मध्यात.

सेकंदांकडे बघताना एक जुनी फूटपट्टी उपयोगी पडते. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये प्रतिसादाच्या वेळेच्या तीन मर्यादा मांडल्या. ०.१ सेकंदाच्या आत काही घडलं तर ते लगेच घडल्यासारखं वाटतं. १ सेकंदापर्यंतचा उशीर जाणवतो, पण विचार तुटत नाही. १० सेकंदांच्या पुढे लक्ष उडतं आणि हात मोबाइलकडे जातो. ही पट्टी तुमच्या यादीला लावून बघा. १४ सेकंदांचं काम ७ सेकंदांवर आलं तर फायदा सात सेकंदांपेक्षा मोठा आहे, कारण तुम्ही कामातून बाहेरच पडत नाही. सहा मिनिटांचं चार मिनिटांवर आलं तरी तुम्ही खुर्चीवरून उठणार ते उठणारच. आणि ०.३ सेकंदांचं ०.२ झालं, तर त्याचा पत्ता फक्त चाचणी करणाऱ्या प्रोग्रामला लागतो. ज्या ओळी या मर्यादा ओलांडून खाली येऊ शकतात त्यांवर खूण करा. वेगासाठी जादा पैसे मोजायचे ते मुख्यतः त्या ओळींसाठी.

यादीत खूण करण्याजोगं काही सापडलंच नाही, तर उत्तर मिळालं. पुढचं वाचायची गरज नाही.

२. अडतंय कुठे ते बघा

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर असतो. कॉम्प्युटर अडलेला असतानाच तो बघायचा. नंतर बघून काही कळत नाही.

प्रोसेसरच्या आकड्यात एक चकवा आहे. समजा तुमच्या प्रोसेसरचे १६ धागे आहेत, म्हणजे विंडोजला १६ लॉजिकल प्रोसेसर दिसतात. चाललेलं काम त्यातला एकच धागा पूर्ण वापरत असेल, तर एकूण वापर जेमतेम ६ टक्के दिसतो. माणूस म्हणतो, प्रोसेसर तर रिकामा बसलाय! प्रत्यक्षात तो एक धागा घामाघूम झालेला असतो आणि बाकीचे पंधरा नुसते उभे असतात. परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरच्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा वेगळा आलेख मागवा. एकच आलेख आभाळाला टेकलेला दिसला, तर जास्त कोअरचा, म्हणजे एकाच वेळी काम करणारे जास्त भाग असलेला, प्रोसेसर घेऊन तुमचा खोळंबा कमी होणार नाही. तिथे एकेका कोअरचा वेग जास्त असलेला प्रोसेसर लागतो, आणि तो दरवेळी सर्वात महागच असतो असं नाही.

रॅम, म्हणजे चालू कामापुरती तात्पुरती मेमरी, ८० टक्के भरलेली दिसली की लोक घाबरतात. पण रिकामी रॅम काही कामाची नसते. ऑपरेटिंग सिस्टिम मोकळ्या जागेत नेहमीच्या फाइली मुद्दाम आणून ठेवते. विंडोजमध्ये मेमरीच्या पानावर कमिटेड, म्हणजे प्रोग्रामांना कबूल केलेली मेमरी, असा आकडा असतो. तो प्रत्यक्ष रॅमच्या बराच पुढे गेला असेल आणि त्याच वेळी डिस्क सतत धावत असेल, तर रॅम खरोखर तोकडी आहे. मॅकवर मेमरी प्रेशरचा आलेख बघा. हिरवा असेल तर काळजी नाही. काम करताना तो वारंवार पिवळा किंवा लाल होत असेल, तर रॅम कमी पडते आहे.

डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड यांचे आलेख त्याच पानावर असतात, तेही बघून घ्या. कधीकधी असं दिसेल की सगळे आलेख शांत आहेत आणि तुम्ही मात्र थांबलेले आहात. मग अडचण इंटरनेटची, पलीकडच्या सर्व्हरची किंवा त्या सॉफ्टवेअरचीच आहे. यावर कोणताही कॉम्प्युटर औषध नाही.

३. आधी जुन्यावर हात फिरवा

जुन्या कॉम्प्युटरमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून ती आधी बदला. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा खाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, वाचणारा दांडा सरकवायला आणखी वेळ लागतो. त्यामुळे विखुरलेल्या बारीक फाइली ती सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचू शकते. साधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपची डिस्कदेखील, हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. लोक ज्याला नवा कॉम्प्युटर पळतोय म्हणतात, त्यातला मोठा भाग या एका बदलाचा असतो.

इथेच महागड्या यंत्रांची एक लालूच ओळखून ठेवा. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, पीसीआयई या वेगवान जोडणीच्या चौथ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी ७,००० एमबीपर्यंत जाते. माहितीपत्रकावर बारापटीहून जास्त वेग. पण कॉम्प्युटर सुरू होणं, प्रोग्राम उघडणं या गोष्टींत फरक एखाद्दुसऱ्या सेकंदाचा, कारण तिथे लहान फाइली वाचणं आणि प्रोसेसरचं काम जास्त असतं. प्रचंड मोठ्या व्हिडिओ फाइली दिवसभर इकडून तिकडे हलवणाऱ्यालाच तो आकडा पावतो.

बाकीच्या गोष्टी चटकन करून टाका: जागा असेल तर रॅम वाढवा, पंख्यातली धूळ काढा, आपोआप सुरू होणारे प्रोग्राम बंद करा, लॅपटॉप चार्जरला लावून पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर ठेवून बघा. बरेच लॅपटॉप बॅटरीवर मुद्दाम मंद चालतात. मग पहिल्या पायरीचा कागद पुन्हा भरा. आता उरलेला खोळंबा हाच खरा.

४. तुमच्या कामाला नेमकं काय लागतं

कोअर दुप्पट केले की वेग दुप्पट, हा गैरसमज महागड्या प्रोसेसरांच्या विक्रीला फार हातभार लावतो. आयबीएममधले संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच यातली मेख दाखवली होती. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो कितीही कोअर लावले तरी तेवढाच वेळ घेतो. हिशेब सोपा आहे. एका कोअरवर १०० मिनिटं घेणारं काम घ्या, त्यातली ८० मिनिटं वाटून देता येतात आणि २० येत नाहीत. ८ कोअरवर ते ३० मिनिटांत होईल. १६ वर २५ मिनिटांत. ६४ कोअर लावले तरी २१ मिनिटांच्या खाली येणार नाही. आठावरून सोळावर जाताना पाच मिनिटं सुटली, आणि सोळावरून चौसष्टवर जाताना चारही सुटली नाहीत. किंमत मात्र याच टप्प्यात उड्या मारत चढते.

म्हणून स्वतःच्या कामाचा स्वभाव ओळखा.

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्राममधलं सायकल्सचं रेंडर आणि मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचं पूर्ण कम्पाइल (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणं) ही कामं छान वाटली जातात. रेंडर तर बहुधा ग्राफिक्स कार्डावरच करावं. इथे महाग यंत्र आपले पैसे वसूल करू शकतं. अभियंत्यांच्या ऑटोकॅडमधलं रेखाटन किंवा सॉलिडवर्क्समधलं मॉडेलिंग मुख्यतः एका धाग्यावर चालतं. तिथे ३२ कोअरचं वर्कस्टेशन (जड व्यावसायिक कामासाठीचा कॉम्प्युटर) म्हणजे बत्तीस मजुरांपैकी एकतीस जणांना बसवून पगार देणं. तरीही असं वर्कस्टेशन गरजेपोटी नव्हे, पदाची खूण म्हणून अनेक टेबलांवर दिसतं.

एक्सेल हे वेगळंच प्रकरण. शीट हलत नाही म्हणून ६४ जीबी रॅमचा कॉम्प्युटर मागवला जातो आणि त्यावर एक्सेल ३२ बिटचं असतं, ज्याला जास्तीत जास्त ४ जीबीच वापरता येते. आधी आवृत्ती ६४ बिटची आहे का ते अकाउंटच्या पानावर अबाउट एक्सेलमध्ये तपासा. मग सूत्रं बघा. ऑफसेट, इंडायरेक्ट, नाउ, टुडे ही फंक्शन्स शीटमध्ये काहीही बदललं की दरवेळी नव्याने गणित करतात. त्यावर अवलंबून असलेल्या हजारो ओळी असतील, तर प्रत्येक एंटरला थांबणं आलंच. हीच शीट नीट बांधली तर जुन्या कॉम्प्युटरवरही धावते. हा उपाय फुकट आहे, म्हणून कोणी सुचवत नाही.

व्हिडिओ संपादनात तर किमतीचा क्रम कधीकधी उलटाच होतो. अनेक कॅमेरे एच.२६५ या फाइल आवळायच्या पद्धतीत, १० बिट आणि ४:२:२ रंगमांडणीत चित्रीकरण साठवतात. हे उलगडायची सोय प्रोसेसरमध्ये किंवा कार्डात घडवलेली असेल तरच टाइमलाइन, म्हणजे संपादनाची पट्टी, सुरळीत चालते. इंटेलने ही सोय अकराव्या पिढीच्या साध्या अंगभूत ग्राफिक्समध्येही दिली. ॲपलच्या स्वतःच्या एम मालिकेच्या चिपमध्ये ती आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत मात्र ती २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. म्हणजे आदल्या पिढीचं सर्वात महाग आरटीएक्स ४०९० घेतलेल्या माणसाची टाइमलाइन अडखळते आणि शेजारच्याचा साधा लॅपटॉप तेच चित्रण सहज दाखवतो. तुमचा कॅमेरा कोणत्या रूपात फाइल देतो हे आधी बघा. आणि प्रॉक्सी, म्हणजे संपादनापुरत्या हलक्या प्रती बनवायला शिकलात, तर निम्मी खरेदी टळेल.

खेळांसाठी घेत असाल तर मॉनिटरपासून सुरुवात करा. ६० हर्ट्‌झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो. कार्डाने १८० बनवली तरी बरीचशी वायाच. ४के मॉनिटरवर १०८०पीच्या नेमके चौपट पिक्सेल असतात, त्यामुळे ओझं कार्डावर येतं आणि प्रोसेसरमधला फरक जवळपास दिसेनासा होतो. सर्वात महाग प्रोसेसर खेळांसाठी सर्वात चांगला असतो हेही खरं नाही. २०२३ मध्ये आलेल्या एएमडीच्या ८ कोअरच्या रायझन ७ ७८००एक्स३डीने त्याच पिढीच्या, त्याहून महाग, १६ कोअरच्या रायझन ९ ७९५०एक्सला खेळांमध्ये मागे टाकलं. जास्तीच्या कोअरपेक्षा चिपवर चढवलेली जास्तीची कॅश मेमरी (प्रोसेसरच्या हाताशी असलेली झटपट मेमरी) तिथे कामी आली.

घरच्या कॉम्प्युटरवर एआयची भाषा-मॉडेलं चालवायची असतील, तर वेगाआधी जागा मोजा. ७०० कोटी पॅरामीटरचं (म्हणजे मॉडेलने शिकून साठवलेल्या एवढ्या आकड्यांचं) मॉडेल १६ बिटमध्ये ठेवायला १४ जीबी लागते, ४ बिटमध्ये आवळलं तर साडेतीन, वर कामापुरती थोडी जादा. ७,००० कोटींचं मॉडेल आवळूनही ३५ जीबी घेतं, म्हणजे २४ जीबीच्या कार्डात मावतच नाही. मावत नसेल तर वेगाची चर्चा व्यर्थ. या एका कामात महागडी मेमरी घेण्याला मी लगेच होकार देईन. पण आधी तेच मॉडेल ऑनलाइन भाड्याने वापरून बघा. अनेकांची हौस पंधरवड्यात फिटते.

पत्रं, ब्राउझर, मीटिंग, हिशेब एवढंच काम असेल तर मधल्या किमतीचं यंत्रही पुरून उरतं.

५. नाव एक, यंत्र वेगळं

लॅपटॉप घेताना ही पायरी वगळू नका. आरटीएक्स ४०९० हे नाव डेस्कटॉपच्या कार्डालाही आहे आणि लॅपटॉपच्या चिपलाही. डेस्कटॉपवाल्यात १६,३८४ कुडा कोअर (कार्डातले गणित करणारे भाग) आणि २४ जीबी मेमरी. लॅपटॉपवाल्यात ९,७२८ आणि १६ जीबी. चिपच वेगळी आहे. शिवाय लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०७० ला उत्पादक ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकतो, आणि बारीक, देखण्या लॅपटॉपमध्ये ती बऱ्याचदा कमीच मिळते. माहितीपत्रकात टीजीपी हा वॅटचा आकडा शोधा. दिलेला नसेल तर विचारा. विक्रेत्याला माहीत नसेल तर त्याच मॉडेलची स्वतंत्र चाचणी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

उष्णतेचंही तसंच. २०१८ च्या १५ इंची मॅकबुक प्रोमध्ये सहा कोअरचा आय९ प्रोसेसर मिळू लागला, आणि व्हिडिओ रेंडरच्या एका गाजलेल्या चाचणीत तो आदल्या वर्षीच्या आय७ मॉडेलच्याही मागे पडला. तापल्यावर वेग फारच खाली पडत होता. काही दिवसांत ॲपलने सॉफ्टवेअर सुधारणा देऊन दोष दूर केला. पण धडा सगळ्याच बारीक लॅपटॉपना लागू आहे: पाच मिनिटांच्या चाचणीत दिसणारा वेग अर्ध्या तासाने टिकतोच असं नाही. परीक्षणात सलग कामाचे आकडे शोधा.

६. फरकाचं गणित

नव्या महागड्या कॉम्प्युटरची तुलना लोक आपल्या सात वर्षांच्या जुन्या यंत्राशी करतात आणि हरखून जातात. सात वर्षांच्या यंत्रापुढे काहीही पळतं. तुलना करायची ती मधल्या किमतीच्या नव्या यंत्राशी.

समजा जुन्यावर एक काम ९० सेकंद घेतं आणि दिवसात ते ३० वेळा होतं. मधल्या यंत्रावर ते ५० सेकंदांवर येतं, महागड्यावर ४० वर. मधल्या यंत्राने रोजची २० मिनिटं वाचवली. महागड्याने त्यात आणखी ५ घातली. वर्षात कामाचे २२० दिवस धरले तर ती ५ मिनिटं साधारण १८ तास होतात, तीन वर्षांत ५५ तास. आता दोन यंत्रांच्या किमतीतला फरक काढा आणि तुमच्या ५५ तासांच्या कमाईशेजारी ठेवा. फरक कमाईपेक्षा जास्त असेल तर मधलं घ्या. खूप कमी असेल तर बिनदिक्कत महाग घ्या. जवळपास सारखे असतील तरीही मी मधलं घेईन, कारण वाचलेला प्रत्येक मिनिट काही कमाईत उतरत नाही. मी तर हिशेबात वाचलेला वेळ निम्माच धरतो.

दोन्ही यंत्रांवर तुमचं काम किती वेळ घेईल हे कळणार कसं? सर्वात उत्तम म्हणजे स्वतःची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जाऊन, जिथे बघायला मिळेल तिथे ती चालवून पाहणं. ते शक्य नसेल तर तुमच्या सॉफ्टवेअरच्या नावाने झालेल्या चाचण्या शोधा. ब्लेंडरचा स्वतःचा ओपन डेटा आहे, फोटोशॉप आणि प्रीमिअरसाठी प्युजेटबेंच आहे. सिनेबेंच आणि गीकबेंच या सर्वसाधारण चाचण्यांचे आकडे यंत्रांची ढोबळ उतरंड सांगतात, तुमच्या कामाचा वेळ सांगत नाहीत.

वीजही या हिशेबात येते. ३०० वॅट जास्त ओढणारं यंत्र पूर्ण भाराने आठ तास चाललं तर रोजची २.४ युनिटं जादा, आणि तेवढी उष्णता खोलीत.

७. वेगाखेरीज काय मिळतं

महाग यंत्रांची किंमत पुष्कळदा वेगासाठी नसतेच. ॲपलच्या २०२३ च्या मॅक प्रो आणि मॅक स्टुडिओ या दोन डेस्कटॉपमध्ये एकच एम२ अल्ट्रा चिप मिळत होती, तेवढीच मेमरी आणि तेवढीच साठवण असलेल्या मॅक प्रोची सुरुवातीची किंमत मात्र पावणेदोनपट. जास्तीच्या पैशांत मुख्यतः कार्डं बसवायचे सहा मोकळे पीसीआयई स्लॉट मिळत, तेही ग्राफिक्स कार्डाला न चालणारे. ध्वनिमुद्रणाची किंवा व्हिडिओची खास कार्डं बसवणाऱ्या स्टुडिओला ते मोलाचे होते. बाकीच्यांनी मोकळ्या डब्याचे पैसे दिले.

तसंच वर्कस्टेशनचं. ईसीसी मेमरी एका बिटची चूक स्वतः दुरुस्त करते. दिवसचे दिवस चालणाऱ्या गणनेत किंवा सर्व्हरवर त्याला अर्थ आहे. प्रमाणित ग्राफिक्स ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्राम) असतील तर सॉलिडवर्क्ससारखं सॉफ्टवेअर अडल्यावर तुमची तक्रार ऐकली जाते. दुसऱ्या दिवशी जागेवर येऊन दुरुस्ती करणारी सेवा असेल, तर बंद पडलेल्या दिवसाचा तोटा किती याचा हिशेब करून तिची किंमत ठरवा. माझ्या मते व्यवसायासाठी घेणाऱ्याने वरच्या प्रोसेसरआधी ही सेवा घ्यावी. महाग म्हणजे न बिघडणारा असं कोणी सांगितलं तर इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर आठवा. वरच्या श्रेणीतच अस्थिरतेचा दोष ठळकपणे निघाला आणि २०२४ मध्ये कंपनीला मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, सुधारणा देऊन वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

पडदा, कीबोर्ड, वजन, पंख्याचा आवाज यांना चाचणीत गुण नसतात, पण दिवसाचे आठ तास तुम्ही त्यांच्याच संगतीत असता. चांगल्या मॉनिटरला मी कधी नाही म्हणत नाही. तो दोन-तीन कॉम्प्युटरना पुरतो.

८. पुढच्या दहा वर्षांची बेगमी

एकदाच भारी घेऊ म्हणजे दहा वर्षं बघायला नको, हा विचार ऐकायला शहाणपणाचा वाटतो. प्रत्यक्षात यंत्राचं आयुष्य त्याच्या वेगावर थोडंच ठरतं. जानेवारी २०१७ मध्ये आलेला इंटेलचा आय७ ७७००के तेव्हाच्या घरगुती प्रोसेसरांत वरच्या रांगेतला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो बसला नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच पिढीचा सर्वात स्वस्त प्रोसेसरही त्याच दिवशी त्याच दाराबाहेर उभा राहिला. इंटेल चिपचा मॅक प्रो जून २०२३ पर्यंत विक्रीला होता, आणि दोनच वर्षांनी ॲपलने जाहीर केलं की इंटेल मॅकसाठी मॅकओएस टाहो ही शेवटची मोठी आवृत्ती. वेगाचंही तेच. नोव्हेंबर २०२० मध्ये पंखाही नसलेली एम१ ची मॅकबुक एअर आली आणि गीकबेंचच्या एका कोअरच्या चाचणीत तिने वर्षभरापूर्वीच्या मॅक प्रोला मागे टाकलं.

म्हणून दहा वर्षांचे पैसे आज देण्यापेक्षा मधलं यंत्र आज आणि मधलंच यंत्र चार-पाच वर्षांनी, हा मार्ग बहुतेकांना सोयीचा पडतो. याला एक अपवाद आहे. ज्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, तिथे नंतर वाढवता येत नाही. तिथे आज लागते त्याहून एक पायरी जास्त रॅम घ्या, आणि ते पैसे हवे तर प्रोसेसरची एक पायरी उतरून काढा. डेस्कटॉपला ही घाई नाही. तिथे कमी घेऊन नंतर भर घालता येते. फक्त रॅमच्या दोन पट्ट्या जोडीने बसवा, एकच मोठी पट्टी बसवली तर मेमरीची निम्मी वाट बंद राहते.

९. थोडेच दिवस लागत असेल तर

वर्षातून दोन-तीन मोठी रेंडरं किंवा एखादं मॉडेल प्रशिक्षित करणं एवढीच जड कामं असतील, तर ती तासावर भाड्याने मिळणाऱ्या क्लाउड यंत्रांवर करा. तुमच्या फाइली बाहेर पाठवायला परवानगी आहे का आणि अपलोडला किती वेळ लागतो, या दोन गोष्टी आधी बघा. भाड्याचा वर्षाचा आकडा किमतीतल्या फरकाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे जाऊ लागला, की स्वतःचं यंत्र घ्यायचा विचार करा.

१०. घेतल्यानंतरचा आठवडा

घेण्याआधीच विचारून ठेवा: परत करायची मुदत किती, आणि खोकं उघडल्यावरही परत घेतात का. पहिल्या दिवशी सगळं सॉफ्टवेअर चढवण्याआधी तुमची सर्वात जड फाइल आणि सर्वात जास्त वेळा होणारं काम, एवढंच चालवा. पहिल्या पायरीच्या कागदावर नवा रकाना आखून वेळ लिहा. मग तेच काम अर्धा-पाऊण तास सलग चालवा आणि शेवटच्या दहा मिनिटांतला वेग सुरुवातीच्या वेगाशी ताडून बघा. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम तापमान आणि प्रत्येक कोअरचा वेग दोन्ही दाखवतो. पंख्याचा आवाज तुमच्या नेहमीच्या बसण्याच्या जागेवरून ऐका.

सहाव्या पायरीवर तुम्ही जो वेळ गृहीत धरला होता तो आला नाही, तर एक दिवस सेटिंग आणि ड्रायव्हर तपासण्यात घालवा. त्यानंतरही फरक उरला तर मुदत संपायच्या आत यंत्र परत करा आणि मधलं घेऊन या. जुना कॉम्प्युटर मात्र तोवर विकू नका.